पितळी गटार

शहरातल्या प्रत्येक भूमिगत गटाराचा आकार आणि व्यास डिजिटल नकाशात नोंदवण्याचे ठरले, तेव्हा सरजाबाईंच्या दारातले चेंबर उघडे होते. झाकण चोरीला गेले होते. कुणी आत पडू नये म्हणून बाईंनी त्यावर आपल्या लग्नातली मोठी पितळी परात पालथी घातली होती.

सर्वेक्षक अमरेश आला. आत डोकावणे अपेक्षित होते, पण वास येत होता. त्याने टेप परातीला लावला आणि ॲपमध्ये भरले: आकार गोल, व्यास नऊशे मिलिमीटर, नळी पितळेची.

"लेकरा, ती परात हाय."

"मावशी, ॲपात परात न्हाई. गोल, चौकोनी, अंडाकृती, एवढंच हाय."

पुढच्याच आठवड्यात खालची सहा इंची सिमेंटची नळी तुंबली. घाण पाणी थेट बाईंच्या चुलीपर्यंत आले. त्या नगरपालिकेत गेल्या. अभियंता पंचाक्षरी साहेबांनी स्क्रीन पाहिली.

"नऊशेची नळी! यातून रेडकू चालत जाईल. तुंबंल कशी?"

"सैपाक बंद हाय साहेब. येऊन तर बघा."

"बघितलं की दिसतं, बाई. दिसलं की तफावत येते. अन् तफावत आली की कुणाची तरी जबाबदारी येते."

तरी त्यांना यावेच लागले. पितळी गटार असलेले एकमेव शहर म्हणून आम्हाला पुरस्कार जाहीर झाला होता आणि समितीला ते गटार पाहायचे होते. बाईंच्या दारात समितीने परात उचलली. खाली सिमेंट.

नकाशा चुकणे शक्य नसल्याने साहेबांनी निष्कर्ष काढला: पितळी नळी चोरीला गेली असून तिचा एक तुकडा घटनास्थळी सापडला आहे.

"आवो, माझी परात हाय ती! नाव बघा की!"

साहेबांनी परात उलटून वाचले: 'चि. सौ. कां. सरजा हिस मामाकडून सप्रेम भेट.'

"लई धीट बाई हाय. चोरीच्या मालावर नाव घालून ठेवलंय."

परात जप्त झाली. घाण पाणी चुलीपाशीच राहिले.

"पण नळी पितळेची म्हणलं कोण?" बाई ओरडल्या.

"तुम्हीच. 'माहिती वाचली, मान्य आहे' असा मेसेज आलता. साऱ्या गावानं 'होय' दाबलं."

बाई खाली बसल्या. दाबले होते खरे. गॅसचा नंबर लावताना मध्येच आले होते काहीतरी.

तुमच्या दारातल्या नळीचाही मेसेज आला होता. तुम्ही वाचला नाहीत, ते ठीकच. घरातली तांब्या-पितळेची भांडी तेवढी आत घेऊन ठेवा.