तिसरी हाक

लटारीभाऊ लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन्सिल हातात घेऊन वाचतात. माझी पत्रिका मी मोठ्या हौसेनं त्यांच्या टेबलावर ठेवली, तर पाच मिनिटांत परत आली. मामा, आत्या, चिमुकल्यांचं 'यायचं हं', सगळं खोडलेलं. उरलं होतं एवढंच: दोन नावं, तारीख, राजुरा, जेवण.

"बाकीचं कोन वाचते गा?" भाऊ म्हणाले. "कागदावर एकडाव सांगतलं का पुरे."

चंद्रपुरातलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. जंगलाकडच्या गावांना वाघाची खबर द्यायची, हे आमचं काम. भाऊ इथले सगळ्यात जुने आणि सगळ्यात अबोल. चहावाल्याला ते नुसतं बोट दाखवतात. एकदा मूल गावच्या रस्त्यानं दोन तास जीपमध्ये बरोबर होतो, तर एकच शब्द बोलले, "सांबर." मी बाहेर पाहिलं, काहीच नव्हतं. परत येताना मात्र नेमकं त्याच वळणावर सांबर उभं होतं. मी विषय काढला नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे एआय एजंट आला. उन्हाळ्यात बायका पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात आणि जाताना नावं सांगून जातात. झाडावरच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, की एजंटनं भोंग्यावरून एकेकीचं नाव घेऊन तिला परत बोलवायचं. आवाज बाईचा, गोड, आणि कुणाचाच नसलेला. सागाच्या झाडांमागून तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

एजंटसाठी लिहिलेल्या सूचना चाळीस पानांच्या होत्या. जो साहेब येई तो दोन ओळी वाढवून जाई. एवढं वाचून एजंट बावचळायचा. एकदा वाघ दिसल्यावर त्यानं अख्ख्या गावाला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितलं! शेवटी ते बाड भाऊंपुढे आलं.

भाऊ महिनाभर कापत बसले. "'कृपया' काप. दोनदा आलं थे काप. लय सांगतलं का त्यालेही घोर लागते, मानसावानी." चाळीस पानांची दोन झाली आणि एजंट शहाण्यासारखा वागू लागला.

आता दोन पानांचं एक करायची खुमखुमी मला आली. भाऊ दोन दिवस सुटीवर होते. दुसऱ्या पानावर एक ओळ होती: 'प्रत्येक नाव तीनदा घे, मध्ये थांब.' दोनदा आलेलं कापायचं, तर हे तीनदा कशाला? गुरूची विद्या गुरूला दाखवायची म्हणून मी तीनदाचं एकदा केलं आणि स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला कॅमेऱ्यात वाघीण दिसली, नाल्यातून वर येणारी. भोंगा बोलला. सात बायकांची नावं, एकेकदा. दुसऱ्या कॅमेऱ्यात त्या सातही जणी मोहाखाली दिसत होत्या. नाव ऐकलं की टोपली खाली ठेवायची आणि मान खाली घालून बसायचं, असं सातही जणींनी केलं. एकही उठली नाही. नाल्याच्या कॅमेऱ्यातून तोवर वाघीण निघून गेली होती. कुठे, ते मला कळत होतं.

तेवढ्यात भाऊ कामावर आले. त्यांनी पडदा पाहिला, माझं तोंड पाहिलं आणि माइक ओढून घेतला.

"सुमनबाई... सुमनबाई... सुमनबाई..."

तिसऱ्या हाकेला सुमनबाई उठली. मग पुढची. दिवसाला दहा शब्द न बोलणाऱ्या माणसानं एका दमात एकवीस हाका मारल्या. सातही जणी गावात पोचल्या. थोड्या वेळानं मोहाखालच्या कॅमेऱ्यात वाघीण आली आणि एकेक टोपली हुंगत फिरली.

"जंगलात एका हाकेले कोनी ओ देत नाई," भाऊ खाली बसत म्हणाले. "पयली हाक मानसाची नसते. दुसरीचाही भरोसा नाई. तिसरी आली का उठाचं."

"भाऊ, तुम्हीच म्हणाला होता, एकदा सांगितलं की पुरे..."

"कागदावर म्हटलं होतं गा. हाकेले नाई." त्यांनी माइक जागेवर ठेवला. "वच्छलाले म्या एकडावच हाक मारली होती. वाटलं, आयकलं असन. वापस आलो. थे बसूनच राह्यली झाडाखाली."

वच्छलाबाई म्हणजे भाऊंची बायको. तिला वाघानं नेलं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. एका हाकेचं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

ती ओळ भाऊंनी लाल पेन्सिलीनं परत लिहिली. नंतर सूचना चाळताना तळाशी मला लाल पेन्सिलीतली आणखी एक नवी ओळ सापडली: 'रोज संध्याकाळी सहाला भोंगा तपास. वच्छला. वच्छला. वच्छला. मग थांब.' एवढं लांबलचक भाऊंनी उभ्या जन्मात लिहिलं नसेल.

रोज सहाला ती हाक जाते. त्या वेळी गावातल्या बायका हातातलं काम थांबवतात म्हणे. तिसऱ्या हाकेनंतर एजंट थांबतो, कारण तसं लिहिलं आहे. भाऊ खिडकीपाशी उभे असतात, तेही थांबतात. आणि खरं सांगतो, मीही कान देऊन ऐकत असतो.