मास्तरांचे रोजचे तीन पेग

“रोज किती घेता?” सिस्टरांनी नवऱ्याला विचारलं.

“तीन पेग,” मास्तर भांडी विसळता विसळता म्हणाले.

“असं पटकन नाही हो सांगायचं! पेशंट आधी लपवतो. मग मी न रागावता ऐकून घ्यायचं. चला, पुन्हा!”

दारू पिणाऱ्या पेशंटशी कसं बोलावं, याचं दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना ट्रेनिंग चाललं होतं. उद्या डॉक्टरीणबाईंसमोर प्रत्येकीला बोलून दाखवायचं होतं. सिस्टरांचं तोंड म्हणजे तोफखाना, तेव्हा सराव हवाच. आणि पेशंट म्हणून घरात होते फक्त मास्तर. शाळेत चित्रकला शिकवणारे, खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेणारे.

पण मास्तरांना एकदम रंग चढला. “घेतो मी! रोज तीन पेग घेतो! कोण आहे मला विचारणारं?” असा टाहो त्यांनी फोडला, की भिंतीपलीकडच्या काकू चहाचा कप तसाच ठेवून भिंतीला चिकटल्या.

काकूंनी ही गोष्ट ‘कुणाला सांगू नका’ असं बजावून ज्याला त्याला सांगितली. सकाळी दूधवाला मास्तरांकडे बघून हळहळला. शाळेत मुख्याध्यापक बोलता बोलता उगाचच जवळ सरकले आणि नाकाने जोरात श्वास घेऊन गेले. संध्याकाळी बॅग घेऊन सासरे दारात.

“जावईबापू, माझ्या गळ्याची शपथ घ्या. आजपासून बंद!”

“अहो, मी पीतच नाही!”

“सगळे असंच म्हणतात.”

“बाबा, तो सराव होता,” सिस्टर म्हणाल्या.

“किती वर्षांचा सराव? पोरी, पांघरूण घालू नकोस.”

“बाबा, आधी ऐकून घ्या!” सिस्टर अशा कडाडल्या, की ट्रेनिंग पार वाऱ्यावर गेलं.

तेवढ्यात काकू आपल्या यजमानांना पुढे घालून आल्या. “हे समजावतील. पुरुषाचं पुरुषाला बरोबर कळतं.”

काकांनी सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लोटलं. मास्तर मुकाट्याने भाषणाची वाट बघत बसले. काकांनी मात्र आधी खिडकीही लावून घेतली.

“मास्तर,” शेवटी ते पुटपुटले, “तुम्ही निदान बायकोजवळ बोललात. मला अजून धीर होत नाही.”

‘अहो, मी पीत नाही’ हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण काकांची नजर सारखी दाराकडे जात होती. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“बोला ना, काका. मी ऐकतोय.”

काका बोलत राहिले. मध्ये दोनदा डोळे पुसून झाले. मग दार उघडलं आणि सगळे धावत बाहेर आले.

“काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

काका गडबडले. “हे... हे उद्या दवाखान्यात जायला तयार आहेत. पण एकटं जायला लाजतात.” त्यांनी मास्तरांकडे केविलवाणं पाहिलं. “तेव्हा मी जाईन म्हणतो सोबत.”

सिस्टरांनी तोंड उघडलं. मास्तरांनी हळूच मान हलवली, तसं ते मिटलं.

“शाब्बास, जावईबापू!” सासऱ्यांनी पाठ थोपटली.

आणि मास्तरांनी मान खाली घालून, जन्मात कधी न घेतलेली दारू सोडायचं सगळ्यांसमोर कबूल केलं.