यादीत नसलेला भाचा

एक निवृत्त घड्याळजी जिन्यावरून घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा त्यांना रुग्णालयात आणलं ते भाच्याने. हा भाचा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याचे वडील लवकर गेले तेव्हा मामांनीच त्याला वाढवलं. पुढे आईही गेली. आता दोघांना एकमेकांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. फक्त जवळच्या नातेवाइकाची सही लागणार होती. रुग्णालयात नुकतीच जागतिक माहिती यंत्रणा बसवली होती. जगभर नात्यांची एकच यादी, म्हणजे घोळ नाही, असं तिचं धोरण होतं. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी यादी वर-खाली करून पाहिली. तिच्यात भाचा नव्हता, पुतण्या होता.

"पुतण्या लिहिते," बाई म्हणाल्या. "तिकडे दोघांना मिळून एकच शब्द आहे."

मामांना कळा सोसवत नव्हत्या. भाचा मुकाट्याने पुतण्या झाला. पण यंत्रणा तर्काला पक्की निघाली. पुतण्या म्हणजे भावाचा मुलगा, म्हणजे आडनाव एकच हवं. ते जुळेना, तेव्हा तिने भाच्याला तोतया ठरवून नोंद गोठवली. नोंद गोठली तशी शस्त्रक्रियाही गोठली.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हाड मला दिसतंय हो," ते म्हणाले, "पण पेशंट स्क्रीनवर दिसत नाही."

बाईंनी मग 'इतर' करून पाहिलं. इतरांना फळं आणायची मुभा होती, सही करायची नव्हती. बहीण चालली असती. ती हयात नाही, असं भाच्याने सांगितलं. त्यावर, नात्याची काहीच अडचण नाही, फक्त समक्ष यावं लागेल, असा खुलासा मिळाला.

भाच्याने मुख्य कार्यालयाकडे तक्रार केली. उत्तर तत्परतेने आलं. स्थानिक गरजांचा कार्यालयाला आदर होता. मात्र ही गरज जगात इतरत्र कुणालाच पडलेली नसल्यामुळे ती गरज नसावी, असं त्यांचं मत होतं.

शेवटी रुग्णालयाच्या वकिलांनी तोडगा काढला. मामांनी भाच्याला दत्तक घ्यावं; 'मुलगा' यादीत होता. मामांनी पडल्या पडल्या सही केली आणि चष्म्यावरून आपल्या अपत्याकडे पाहिलं.

"लग्नावाचून मुलगा झाला," ते म्हणाले, "आणि तोही टकला."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मामा काठी टेकत घरी आले. पण यंत्रणेने दत्तकविधानानंतर बाकीची नातीही शिस्तीत लावून टाकली होती. मामा वडील झाले, म्हणजे मामांची बहीण आत्या झाली. भाच्याला जन्म देणारी बाई कागदोपत्री त्याची आत्या ठरली.

पुतण्या होणं त्याने पचवलं होतं, तोतया होणंही. हे मात्र घशाखाली उतरेना. जाऊ दे, असं मामांनी परोपरीने सांगितलं, पण तो पेटून उठला. त्याने सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. वर्तमानपत्रांनी मातृभाषेवर अग्रलेख लिहिले, लोकांनी मोर्चे काढले. मुख्य कार्यालय नमलं. नव्या यादीत मामा, मावशी, भाचा, साडू, नणंद, जाऊ, व्याही अशी सगळी मंडळी मानाने बसली. भाच्याची आई पुन्हा आई झाली.

आणि नोंदणीच्या खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेली. साडू म्हणजे नेमका कोण, यावर रांगेत वाद लागले. कुणी नणंद निवडली आणि जाऊ निघाली. मोर्चात सर्वांत पुढे चाललेले एक गृहस्थ खिडकीत वाकले.

"बाई, एवढं कोण वाचत बसणार? यात अंकल कुठंय?"

अंकल नव्हता. मागून आंटीची चौकशी झाली. तीही नव्हती. लोक चिडले. पुन्हा सह्या गोळा झाल्या, आणि या खेपेला जास्त झाल्या. मुख्य कार्यालयाने ही खरीखुरी स्थानिक गरज असल्याचं ओळखून, अंकल-आंटीची भर घालून, जुनी यादी ताबडतोब परत बसवली. भाच्याची आई परत आत्या झाली. आता त्याच्या नव्या तक्रारअर्जावर सही करायला मामांखेरीज कुणी पुढे येईना.

यंत्रणेला नावं ठेवायला आपण मोकळे आहोत. तेवढं त्याआधी, आपल्या मुलांनी त्यांच्या सख्ख्या मामाचा नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावाने ठेवलाय, ते एकदा बघून घ्या.