हिमगावच्या मोहिमेची हकीकत, की जीत महाराज न निघता निघाले

श्री. जो देव बर्फाच्या आसनी बसतो आणि मसलत न करिता उठतो, त्याचे स्मरण करोन लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमी. एक राज्य होते. नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे. उन्हाळा आठ मास, आणि उरले चार मास तेही उन्हाळ्याच्याच नात्यातले. तेथे श्रीमंत रंगरावमहाराज गादीवर होते. स्वभाव गोड, हात सढळ, आणि मसलतीवाचून कोणतेही काम करावयाचे नाही हा नेम. दात दुखला तरी आधी मसलत, मग वैद्य. त्यांच्या राणी गिरजाबाईसाहेब, वय वर्षे त्रेपन्न. त्यांचा उजवा गुडघा कुरकुरत होता, म्हणोन वैद्य आणविले. वैद्याने गुडघा दाबून पाहिला आणि स्पष्ट सांगितले की, "बाईसाहेब, आतली गादी झिजली. हा हिवाळा पाय म्हणाल ते ऐकेल. पुढल्या हिवाळ्याची हमी मी देत नाही." वैद्य गेले आणि बाईसाहेबांनी मोबाईल उघडोन एक चित्र काढिले आणि महाराजांपुढे धरिले. चित्रात परमुलुखीचा एक गाव, माथ्यावर हिमनदी पसरलेली, छपरांवर हातभर बर्फ, आणि गावात मोटार नाही, फटफटी नाही, माणसे आपली पायी चालतात, आणि पायांस दोन लांब फळ्या बांधोन डोंगरावरून सरसर खाली येतात, त्यास स्की म्हणतात. बाईसाहेब बोलिल्या, "मला इथं जायचं आहे. एकदा वरून खाली यायचं, माझ्या पायांनी. आणि मला कोणी धरायचं नाही." कारण ऐसे की लग्न होऊन आल्या दिवसापासोन जिना उतरताना दोन्ही कोपरांस दोन दासी, देवळाची पायरी चढताना दोन दासी, ऐशी तेहेतीस वर्षे गेली होती. महाराज म्हणाले, "एवढंच ना? उद्याच मसलत बसवतो." तेव्हा बाईसाहेब समजल्या की काम अवघड जाहले.

मग मसलत बसली. कारभारी अंताजीपंत, अंगाने बारीक, आवाजाने मोठे, रिवाजाची वही काखेत घेतल्यावाचून पाणी न पिणारे, त्यांनी पहिलाच सवाल घातला की, "गावात मोटार नाही, तर महाराज आत शिरणार कसे?" बाईसाहेब म्हणाल्या, "पायांनी." मंडळी पुष्कळ हसली, विनोद आहे ऐसे समजली. मग अंताजीपंतांनी त्या गावच्या पाटलीणबाईंस पत्र लिहिले की, आमचे महाराज थोर, त्यांची निशाणाची मोटार तेवढी येऊ द्यावी, मागली चौदा आम्ही वेशीबाहेर ठेवितो. उत्तर आले की, "आमच्या गावी बाळंतिणीकडे सुईणसुद्धा पायी जाते. खाली दात्यांच्या रुळांची आगगाडी आहे, तीत बसोन यावे आणि पुढे चालावे. माणशी दोन पिशव्या." मोटारीचे दुःख पंतांनी गिळिले, परंतु दोन पिशव्या वाचोन खालीच बसले. कारण सामानाची याद आधीच तयार होती: पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, कड्यांसुद्धा झोपाळा, चौरंग अकरा, लोणच्याच्या बरण्या बावीस, आणि महाराजांस परक्या घंगाळात अंघोळ मानवत नाही म्हणोन घंगाळ. मुदपाकवाले म्हणो लागले झोपाळा सोडा, झोपाळेवाले म्हणो लागले लोणचे सोडा, आणि नऊ दिवस भांडोन एक चौरंग कमी जाहला.

मग त्याहून मोठा पेच आला. रिवाज ऐसा की महाराजांच्या पुढे कोणी चालू नये. आणि रिवाज ऐसाही की महाराजांपेक्षा उंच जागी कोणी उभे राहू नये. सपाटीवर हे दोन्ही सुखाने नांदत होते. परंतु डोंगरावरून घसरताना जो मागे तो वर, आणि जो खाली तो पुढे. अंताजीपंतांनी वही उलटी धरोन पाहिली, सुलटी धरोन पाहिली. शेवटी ठराव जाहला की महाराज मध्ये, आणि डावीकडे वीस, उजवीकडे वीस, ऐसी चाळीस माणसे एका ओळीत, एका उंचीवर, एकाच वेळी घसरतील; कोणी पडल्यास सर्वांनी पडावे. महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, "पंत, तुम्ही नसता तर मी पडलो असतो तो एकटाच."

इकडे बाईसाहेब मसलतीस येईनाशा जाहल्या. गोदामामागे भाताच्या तुसाचा ढीग पुरुषभर उंच होता, तेथे त्या रोज सकाळी जात, आणि बरोबर तुळसा, माहेरापासोन आलेली, दासींमध्ये तिलाच तोंड होते. जुन्या पलंगाच्या दोन फळ्या, परकराच्या नाड्यांनी पायांस बांधल्या, आणि हाती दोन वेळूच्या काठ्या. पहिल्या दिवशी ढिगावर चढल्या आणि उभ्या उभ्याच बसल्या. तुळसा धावली. "दूर हो. हात लावशील तर माहेरी पाठवीन." तुळसा म्हणाली, "पाठवा की! तिथं तरी माणसं पायऱ्यांनी उतरतात." दुसरे दिवशी नाकातोंडात तूस गेले. पाचवे दिवशी तुळसा कमरेवर हात देऊन बोलली, "बाईसाहेब, ढुंगण मागं नका टाकू, संडासाला बसल्यासारखं दिसतंय." बाईसाहेब इतक्या हसल्या की पडल्या, आणि उठोन पुन्हा चढल्या. विसावे दिवशी माथ्यावरून पायथ्यापर्यंत उभ्या आल्या. गुडघा रात्री सुजत होता, हे तुळसेस ठाऊक आणि तेलाच्या वाटीस ठाऊक.

मग जोशीबुवांनी मार्गशीर्षातला मुहूर्त काढिला, परंतु परमुलुखीच्या वकिलातीतून व्हिसाचा शिक्का आला नव्हता. मुहूर्त टळू नये म्हणोन प्रस्थान ठेविले. म्हणजे ऐसे की, मुहूर्तास स्वतः निघणे न घडल्यास वस्त्र, नारळ, सुपारी ऐसे गाठोडे वेशीपलीकडे परक्या घरी ठेवावे, म्हणजे माणूस निघाला ऐसे मानितात. महाराजांचे गाठोडे वेशीपलीकडे माळ्याच्या घरी गेले, त्यात लोकरीचे मोजेही घातले. बाईसाहेबांचे गाठोडे मागितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं गाठोडं एकटं जाणार नाही. मी जाईन तेव्हा नेईन." अंताजीपंतांनी दप्तरी लिहिले: महाराज स्वारीवर निघाले; राणीसाहेब वाड्यात.

आता दप्तरी जे लिहिले ते राज्यात खरे. महाराज आपल्या पलंगावरच होते, परंतु निघाले होते; म्हणोन देवडीवरचे शिपाई मुजरा करीनात, अर्जदार येईनात, आणि मुदपाकात "पाहुण्याचे पान" म्हणोन महाराजांचे ताट वाढू लागले. महाराजांस दोन दिवस चमत्कारिक वाटले आणि तिसरे दिवसापासोन बहुत आवडले. दुपारी झोप, सकाळी पेरू, सही कोठे नाही. गाठोड्याची मुदत दहा दिवस; दहा दिवस भरले की जोशीबुवांनी नवे ठेवावे, ऐसे पौष सरला. बाईसाहेब विचारीत, "महाराज, थंडी चालली." महाराज म्हणत, "निघालोच आहोत की आपण."

आणि मग वकिलातीतून दोन लखोटे आले की, अमुक तारखेस जातीने हजर होऊन शिक्का घ्यावा. देवडीवर महाराजांचा लखोटा शिपायाने घेतला नाही. रिवाजाप्रमाणे शेरा मारिला: "महाराज मोहिमेवर गेले आहेत." लखोटा परत गेला. वकिलातीने उत्तर दिले की, "आपण गेलाच आहा, तर परवाना कशास?" आणि महाराजांचे प्रकरण पुढल्या हिवाळ्यापर्यंत तहकूब ठेविले. बाईसाहेब दप्तरी वाड्यातच होत्या, सबब त्यांचा लखोटा, आत तुळसेच्याही नावासुद्धा, त्यांस पोचला. त्या तुळसेस घेऊन वेशीच्या आतल्याच वकिलातीत गेल्या आणि दोघींचे शिक्के घेऊन आल्या.

माघ शुद्ध पक्षी पुन्हा मसलत बसली, आणि सर्वांनी एकमते म्हटले की पुढल्या वर्षी जावे, तोवर याद आणखी चोख होईल. बाईसाहेब दोन पिशव्या घेऊन सदरेवर आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही निघालो." अंताजीपंत उभे राहिले. "बाईसाहेब, महाराजांवाचून राणीने वेस ओलांडू नये. वहीत आहे." बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, दप्तर काढा. महाराज कुठं आहेत?" पंतांनी वाचिले, "स्वारीवर... निघाले." "कधी?" "मार्गशीर्षात." "मग दोन महिने नवरा पुढं गेला, आणि बायको मागं का, हे विचारायचं सोडून तुम्ही मला अडवता?" पंतांनी महाराजांकडे पाहिले. महाराज लोडास टेकोन पेरू खात होते. बाईसाहेब म्हणाल्या, "तिकडे काय पाहता? ते पाहुणे आहेत." मनाई करील ऐसा राज्यात एकच माणूस, आणि तो राज्यात नव्हता. मग महाराजांनी पेरू खाली ठेविला आणि हळूच पुसले, "राणीसाहेब, तिथं मी भेटेन का हो तुम्हांला?" बाईसाहेबांनी पिशव्या उचलिल्या. "भेटलात तर सांगेन, की फार दिवस वाट पाहिली," ऐसे बोलोन गेल्या.

पंधरवड्याने पत्र आले. ते महाराजांच्या नावचे, सबब शिपाई ते परत करू लागला. तेव्हा महाराज अनवाणी देवडीपर्यंत धावत गेले आणि त्याच्या हातून ओढोन घेतले. उभ्यानेच वाचिले. "गावात चाकाचा आवाज नाही, त्यामुळे बर्फ छपरावरून पडला तरी ऐकू येतो. शिकवणारी पोर विशीची आहे, सारखी हात पुढं करते. तिला खुणेनं सांगितलं, नको. तीन दिवस पडले. चौथ्या दिवशी लहान उताराच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत आले. मोठ्या उतारावर पाच वर्षांची पोरं जातात, तिकडे गेले नाही. खाली आल्यावर मागं वळून पाहिलं, कोणीतरी पाहिलं असेल म्हणून. तुळसा वर तोंडात पदर घालून रडत होती, तिनं डोळे मिटले होते. तेव्हा पाहिलं कोणीच नाही. गुडघा सुजला आहे. आता पुन्हा होणार नाही."

महाराजांनी पत्र घडी करोन कमरेस खोविले आणि अंताजीपंतांस बोलावून म्हटले, "लिहा, महाराज परत आले." पंत म्हणाले, "परंतु महाराज, गेल्यावाचून..." महाराज म्हणाले, "पंत, मी गेलो हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मी काही बोललो का?" मग नोंद जाहली, मुजरे सुरू जाहले, अर्जदार आले, आणि महाराजांची दुपारची झोप गेली. फाल्गुन वद्य तृतीयेस बाईसाहेब आल्या. महाराज वेशीबाहेर पायी उभे होते. राजाने राणीस सामोरे जावे ऐसा रिवाज वहीत नाही, पंत पाने चाळीतच राहिले. बाईसाहेब मोटारीतून लंगडत उतरल्या. महाराज म्हणाले, "मी पाहिलं नाही. सांगा. डावा पाय आधी की उजवा?" आणि दोघे रस्त्याच्या कडेस दगडावर बसले, आणि बाईसाहेब काठीने मातीत उतार काढोन दाखवू लागल्या, आणि महाराज सवाल करू लागले, आणि दोन घटका स्वारी तेथेच खोळंबली.

पुढे दप्तरी नोंदीचा प्रश्न आला. अंताजीपंतांनी मसुदा केला: "श्रीमंत महाराजांनी हिमगाव सर केले, राणीसाहेब समागमे होत्या." महाराजांनी तो आडवा कापिला आणि लेखणी बाईसाहेबांपुढे धरिली. बाईसाहेबांनी फार विचार केला नाही. लिहिले: "गेले. उतरले. आले." खाली महाराजांनी साक्ष घातली आणि शिक्का केला.

येणेप्रमाणे हिमगावची मोहीम. तिचा मजकूर तीन शब्द. बाकी सर्व मसलत.