तिसऱ्या मजल्यावरील राज्याचे स्थलांतर आणि बंबाची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस आणि तिजहून जवळच्या घरच्या उंबरठ्यास नमस्कार करून हकीकत लिहिली जाते ती ऐसी. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख मासी, खाडीकाठी एक राज्य तिसऱ्या मजल्यावर वसले होते, सीमा पूर्वेस जिन्यापर्यंत आणि पश्चिमेस कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत, आणि तेथे दिगंबरराव राज्य करीत होते, म्हणजे शिक्का त्यांचा आणि कारभार त्यांच्या बाईसाहेब शैलजाबाई यांचा, आणि या उभयतांच्याही वर, देवघराशेजारच्या खुर्चीत, रावांच्या मातोश्री आक्कासाहेब विराजमान होत्या. तो वरिष्ठ दरबारातून फर्मान आले की रावांची बदली पूर्वेकडील मुलखात केली असे, जेथे कापूस पिकतो आणि उन्हाळ्यात दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही, तरी महिना सरायच्या आत संसारासह हजर व्हावे, माल नेण्याचा खर्च अमुक मर्यादेपर्यंत दरबार सोसील, पुढचा ज्याचा त्याने पाहावा. हे वर्तमान ऐकून राव पंख्याखाली बसले आणि बाईसाहेब उभ्याच राहिल्या, आणि त्या क्षणापासून त्यांचा पाय म्हणून एका जागी ठरेना.

मग स्वयंपाकघरात गवार मोडता मोडता खलबत बसले. राव म्हणाले, "आक्का, तिकडे मोठं घर मिळतंय, मागे अंगण आहे." आक्कासाहेबांनी शेंगेची शीर काढली आणि म्हणाल्या, "मी येईन. पण माझा बंब येईल तर. नाही तर मला धाकट्याकडे पोचवा." आता हा बंब म्हणजे या राज्याची थोरली तोफ. पाणी तापवायचा, तांब्याचा, तीन पायांचा, कमरेएवढा उंच, मधून धुराडे वर गेलेले, पुढे पितळी तोटी, आक्कासाहेबांच्या लग्नात माहेराहून बैलगाडीतून आलेला, आणि रावांचे व धाकट्या बंधूंचे जन्मानंतरचे पहिले न्हाणे त्याच्याच पाण्याने जाहले होते. परंतु न्हाणीघरात गिझर आला तेव्हापासून तोफ गॅलरीत पेन्शनीत निघाली होती, अंगावर काजळीची पुटे, हिरवे डाग, आणि धुराड्याला लसणाच्या जुड्या टांगलेल्या. राव म्हणाले, "अगं आक्का, तिथे उन्हाळ्यात नळालाच कढत पाणी येतं म्हणे." आक्कासाहेब म्हणाल्या, "मग बंबाला विश्रांती मिळेल. मी कुठे त्याला राबवायला नेतेय?" आणि एवढे बोलून गवार पुढे सरकवली. खलबत आटोपले.

बाईसाहेबांना या बोलण्यातला दुसरा भाग लागला. धाकट्या बंधूंचे राज्य लिफ्टचे, ऐसपैस, परंतु तेथील राजाराणी दोघेही सकाळी दाराला कुलूप घालून कामावर जातात ते दिवेलागणीला परततात, आणि आत आक्कासाहेब आणि टीव्ही. मागल्या खेपेस तिथे राहून आल्या तेव्हा आक्कासाहेब इतक्या निमूट झाल्या होत्या की आमटीत मीठ दुप्पट पडले तरी "छान झालीय" म्हणाल्या. तीस वर्षे ज्या सासूने एक आमटी धड जाऊ दिली नाही तिने छान म्हणावे? आणि शिवाय हेही खरे की त्या परक्या मुलखात, जेथे राव सकाळी निघून जातील, तेथे दिवसभर भांडायचे तरी कोणाशी? हे त्या मोठ्याने कधी बोलल्या नाहीत. परंतु मनात निश्चय केला की बंब जाईल, म्हणजे आक्का येतील, आणि हे सर्व दरबारच्या भत्त्यात बसवायचे.

मग मालवाहू सरदारांस पाचारण करण्यात आले. पहिल्या सरदाराने राज्य पाहण्याची तसदीच घेतली नाही, फोनवरच पुसले, "मॅडम, वन बीएचके का टू?" आणि ऐसा स्वस्त भाव सांगितला की बाईसाहेब हुरळून गेल्या, तो शेजारच्या राज्याच्या नलिनीवहिनी, ज्यांचे दार या दारासमोर आणि कान या भिंतीला, त्या म्हणाल्या, "शैलावहिनी, वेड लागलंय का? न बघता भाव सांगतो तो अर्ध्या वाटेत गाडी उभी करून आणखी पैसे मागतो. माझ्या नणंदेचा फ्रिज अडकला होता, देवळातल्या मूर्तीसारखं लांबून दर्शन घेऊन आली." तेव्हा पहिला सरदार बाद. दुसरा गळ्यात टाय बांधून आला, प्रत्येक वस्तूचे चित्र टिपले, काचेला किती थर, लाकडाला किती थर, विमा वेगळा, चढउतार वेगळी, ऐसे गोड बोलून जो आकडा उच्चारला त्यावर रावांनी दोनदा पाणी मागितले आणि म्हणाले, "एवढ्यात तर तिथे नवा संसार येईल. बायकोसकट." त्यावर बाईसाहेबांनी पाणी दिले ते पेला आपटून दिले, आणि दुसराही बाद. राहिला तिसरा, खिलारे नामे, स्वतःची गाडी असलेला, सरळ बोलणारा, तो म्हणाला, "उद्या येऊन डोळ्यांनी बघतो, मग सांगतो."

आता या राज्याचा, किंबहुना आसपासच्या सर्व राज्यांचा, पिढ्यानपिढ्यांचा रिवाज ऐसा की परका माणूस घरात येणार म्हटले की आधी घर आवरायचे. तो माणूस घरातला पसाराच मोजायला येतो आहे ही गोष्ट बाईसाहेबांच्या ध्यानी आली नाही ऐसे नव्हे, आली, आणि तशीच निघून गेली. उजाडल्यापासून पदर खोचून त्या सुटल्या. पोटमाळ्यावरच्या जुन्या गाद्या, गणपतीचे मखर, गोधड्यांची गाठोडी, झाकण हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणे, कधीतरी लागतील म्हणून जपलेल्या कापडी पिशव्या, सर्व फौज नलिनीवहिनींच्या मागल्या खोलीत रवाना केली. मग नजर गॅलरीत गेली. बंब काळा, कळकट, धुराड्याला लसूण. बाईसाहेबांस वाटले, हे ध्यान पाहून तो मनुष्य काय म्हणेल? आक्कासाहेब रावांसंगे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तेव्हा लसूण उतरवून, दोघी बायकांनी मिळून बंब उचलला आणि, "वहिनी, पाय! पाय सांभाळा!" "तुमचा की बंबाचा?" ऐसे ओरडत, हसत, दम खात, तोफ शेजारच्या राज्यात नेऊन तिजवर जुने लुगडे पांघरले. मग खिलारे आला, चपला बाहेर काढल्या, सर्व दालने फिरला आणि म्हणाला, "वहिनी, इतकी घरं बघतो, पण असं नेटकं घर नाही बघितलं. सामान बेतशीर आहे. माझ्या गाडीत पुढं एका डॉक्टरांचा माल येतोय, मागली निम्मी जागा तुमची. भत्त्यात बसवून देतो." तीस वर्षांत या घराला नेटके असे कोणी म्हटले नव्हते. बाईसाहेबांचा चेहरा असा फुलला की सांगायचे ते सर्व ओठांवर येऊन परत गेले, आणि इतकेच निघाले, "एखादी वस्तू वाढली तर?" "एखादी काय वो, घालू की," म्हणून खिलारे चहा पिऊन गेला, आणि संध्याकाळी रावांनी ऑफिसातल्या साऱ्या मंडळींस फोन करून आपल्या सौदेबाजीचा डंका पिटला.

तेथून पुढे बाईसाहेबांस चैन ऐसी पडली नाही. खोके बांधीत आणि सोडीत, फोन उचलीत आणि ठेवीत, खिलाऱ्याला आज सांगू, नको उद्या सांगू, आणि उद्या उजाडला की वाटे आता सांगितले तर तो म्हणेल ही बाई काय लबाड आहे. कपाट उघडून आत काय शोधायचे होते ते विसरीत. आक्कासाहेबांनी पुसले, "गॅलरीतला बंब कुठाय गं?" तेव्हा, "पॅकिंगला बाजूला काढलाय, आक्का," म्हणून घाईने चाळणीत नसलेले तांदूळ चाळू लागल्या. आक्कासाहेब "बरं" म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून रोज दुपारी, चहाच्या आधी, काठी टेकीत नलिनीवहिनींकडे निरोप घ्यायला जाऊ लागल्या. राव म्हणाले, "निरोप एकदा घेतात. रोज कोण घेतं?" "तुला काय करायचंय? माझा निरोप मोठा आहे," आक्कासाहेब बोलल्या. त्याच दिवसांत डब्यातला चिंचेचा गोळा नाहीसा झाला, परंतु घराचे सारे डबेच गोंधळात होते, तेव्हा बाईसाहेबांनी चिंचेचा तपास केला नाही.

मग कूच करण्याचा दिवस उगवला. गाडी आली, हमाल आले, पाहता पाहता घर रिकामे होऊन मागली निम्मी जागा बेताने भरली, शेवटी गाडीच्या दाराशी सोफा चढला. हा सोफा म्हणजे बाईसाहेबांचे सिंहासन. स्वतःच्या भिशीच्या पैशांतून घेतलेला, वरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते, कारण चांगल्या पाहुण्यांसाठी ठेवला होता आणि तितके चांगले पाहुणे अजून आले नव्हते. खिलारे गाडीला दोर आवळू लागला, तो वरून नलिनीवहिनींचे दार उघडले आणि जिन्याने फौज उतरू लागली. गाद्या उतरल्या, मखर उतरले, गोधड्या उतरल्या, डबे खडखडत उतरले, आणि सर्वांच्या मागे दोन हमालांच्या खांद्यावर, लुगडे पांघरलेली थोरली तोफ. खिलाऱ्याच्या हातातला दोर सुटला. "वहिनी, हे कुठनं आलं वो? मी बघितलं ते घर दुसरंच होतं का?" बाईसाहेबांनी मान खाली घातली. "नलिनीवहिनींकडे ठेवलं होतं. तुम्ही येणार म्हणून आवरलं होतं." "मोजायला आलेल्या माणसापासून लपवलं?" खिलाऱ्याने कपाळाला हात लावला. "आता जागा कुठनं आणू? डॉक्टरांचा माल रस्त्यात टाकू? गाद्या टपावर बांधतो, गोधड्या फटीत कोंबतो. पण ह्यो गडी नाही बसत. दुसरी गाडी करा, तिचं भाडं निराळं." राव फोन कानाला लावून दूर जाऊन उभे राहिले, फोन लागलेला नव्हता तरी. फाटकापाशी एक भंगारवाला हातगाडी थांबवून लुगड्याखालून दिसणाऱ्या पायांचा अंदाज घेऊ लागला.

तेव्हा आक्कासाहेब काठी टेकीत खाली आल्या. खुर्ची मागवून बंबाशेजारी बसल्या, एक हात त्यावर ठेवला आणि लेकास हाक मारून म्हणाल्या, "दिगू, धाकट्याला फोन लाव. म्हणावं, आई येतेय." न रडता, न चिडता. कोणाचीच चूक काढली नाही. तेच बाईसाहेबांच्या जिव्हारी लागले. पुढे होऊन त्या म्हणाल्या, "आक्का, मीच लपवला हो. काळा झाला होता, मला लाज वाटली. तुम्ही घरी नव्हता ते बघून उचलला." आक्कासाहेब म्हणाल्या, "ठाऊक आहे." "कसं?" "नलिनीच्या पोटात कधी काही राहिलंय?" आणि नलिनीवहिनी वरच्या गॅलरीतून आत सरकल्या. मग आक्कासाहेबांनी लुगडे ओढले, आणि बंब ऐसा प्रकटला की हमालही मागे सरले. लखलखीत, तांबडाबुंद, नव्या नवरीसारखा, तोटीसुद्धा सोन्यागत. "रोज चिंच आणि मीठ लावून घासला. चार माणसांत न्यायचा तर काळा कसा न्यायचा? लाज काय एकट्या तुला आहे?" आणि त्यांचे हात मांडीवर होते, बोटांची टोके हिरवी-काळी झालेली, ती बाईसाहेबांनी आत्ता पाहिली.

मग बाईसाहेब वळल्या आणि त्यांच्या अंगात जणू वारे भरले. "खिलारेभाऊ, सोफा उतरवा." राव फोन विसरून धावले, "अगं, नवा आहे तो! प्लॅस्टिकसुद्धा निघालं नाही!" "म्हणूनच. ज्यावर बसण्याचंही सुख नाही आणि ज्याला सोडण्याचंही दुःख नाही, त्याच्यापायी मी आक्कांना कुलपाआड घालू?" राव म्हणाले, "मग बसायचं कुठे?" "तुम्ही उभेच असता की, फोन घेऊन." हमाल हसले, खिलारे हसला, आणि त्याने सोफा उतरवला, त्या जागी बंब उभा करून भोवती गोधड्या आवळल्या, पोटातल्या पोकळीत कापडी पिशव्या भरल्या आणि म्हणाला, "आता हलत न्हाई. म्हातारा झोपलाय बघा पांघरूण घेऊन." सोफा नलिनीवहिनींस बक्षीस दिला, त्यांच्या मागल्या खोलीच्या भाड्यापोटी, आणि चुगलीबद्दलही त्यातच समजून घ्यावे ऐसे सांगितले. भंगारवाला हातगाडी ढकलीत निघून गेला.

पूर्वेकडील राज्यात पोहोचल्यावर उन्हाने टाळू तडकली आणि नळाला खरोखरच कढत पाणी आले. माल सावकाश लागत होता, तोच पहिल्या दिवशीच शेजारच्या एक बाई भेटीस आल्या. त्यांची चाहूल लागताच बाईसाहेबांचा हात जुन्या सवयीने पसाऱ्याकडे गेला, परंतु येथे समोर नलिनीवहिनींचे दार नव्हते, आणि बंब दारातच उभा होता, तेव्हा हात अर्ध्या वाटेवर थांबला आणि त्यांनी पाहुणीस गुंडाळलेल्या गादीवर बसवले. ती बाई म्हणाली, "अगं बाई, काय सुंदर बंब आहे हो! वापरता?" "वापरतो तर," आक्कासाहेब म्हणाल्या. "कुठे वापरतो, आक्का? काहीही सांगू नका लोकांना." आक्कासाहेबांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पाहुणीसमोरच म्हणाल्या, "साखर कमी आहे, शैला. तुला कधी अंदाज येणार?" बदलीचे फर्मान आले त्या दिवसापासून बाईसाहेब पहिल्याप्रथम खाली बसल्या.

येणेप्रमाणे मोहीम पार पडली. एक सिंहासन मागे राहिले, दोन कपबश्या कामी आल्या, चिंचेची नवी खरेदी करावी लागली. तोफ शाबूत, मातोश्री शाबूत, भांडण शाबूत.