बिनटाचणीचा फोड

शिंपीमास्तरांच्या खालच्या ओठावर फोडांचा झुबका उठला तेव्हा दुकान रंगकामासाठी बंद होतं, आणि सगळा घोळ झाला तो त्यामुळेच. एरवी त्यांचा ओठ अधूनमधून उठायचाच. मास्तर ओठांत टाचण्या धरून काम करत, म्हणून "टाचणी लागली" हे कारण ठरलेलं होतं आणि बायकोही ते मुकाट्याने मान्य करी. आता मात्र टाचण्यांची डबी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली बायकोकडे.

"अहो, मग या वेळी काय लागलं?"

"ऊन लागलं असेल. रंगाऱ्यांवर लक्ष ठेवत बाहेरच बसलेलो असतो की."

"ऊन काय एकट्या ओठालाच लागतं?"

तेवढ्यात गणवेश सैल करायला देऊन गेलेली नर्स तो न्यायला घरी आली. तिने मास्तरांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं.

"काकू, टाचणीबिचणी काही नाही. हर्पीस आहे हा. तोंडाला तोंड लागलं की इकडचा तिकडे जातो."

एवढं बोलून ती गणवेश घेऊन निघून गेली. काडी टाकणाऱ्याला जाळ बघायला थांबायची गरज नसते.

बायको मनात हिशोब मांडू लागली. मुलाच्या जन्मानंतर त्या घरात तोंडाला तोंड दिलं जायचं ते फक्त भांडणात. प्रेम होतं, नाही असं नाही, पण ते "गोळी घेतलीत का?" आणि "दार नीट लावलंस का?" एवढ्यावर आलेलं. मग हा विषाणू आला कुणाच्या तोंडून?

शेजारच्या घरातून मास्तरांची थोरली बहीण धावत आली. भिंत पातळ होती आणि तिचे कान तिखट.

"माझा भाऊ तसला नाही!" ती गरजली. मग जरा विचार करून म्हणाली, "पण पुरुषाच्या जातीचं काय सांगावं? रोज एकेक बाई माप द्यायला येते."

संध्याकाळपर्यंत मास्तरांचा पेला वेगळा झाला, टॉवेल वेगळा झाला आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. मास्तर शपथेवर शपथा घेत होते. पण खरं सांगायचं तर त्यांना आतून गुदगुल्याही होत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्यावर असला संशय घ्यावा असं कुणालाच वाटलं नव्हतं. आरशासमोरून जाताना ते पोट आत घेऊ लागले.

"डॉक्टरांना माझ्यासमोर सांगू दे हे कुठून आलं ते," बायको बॅग भरत म्हणाली, "नाहीतर मी चालले मुलाकडे. कायमची."

ते ऐकल्यावर गुदगुल्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात गेली. बहिणीला कुणी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "हा एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून बसतो. ऊन, ताप, काळजी, कशानेही उठतो. बहुतेकांना लहानपणीच होतो, कुणी पापा घेतला तरी. काकू, तुम्हाला कधी असा फोड?"

"मला? येतो की. पण तो दोरा दातांनी तोडताना कापतं ना, त्याचा."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून," बायको बोलून गेली.

मास्तर ताठ झाले. "मला पहिला लग्नानंतर आला."

"बघा!" बहीण ओरडली. "चोराच्या उलट्या बोंबा!"

"कुणाचा कुणाला आला ते आता कुणीच सांगू शकणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे मलम लावा. आणि फोड बरा होईपर्यंत चुंबन अजिबात नाही."

"अजिबात नाही?" मास्तरांनी विचारलं. बहिणीसमोर नवराबायको दोघांनीही असे चेहरे केले, की जणू घासच काढून घेतला कुणी तोंडातला.

बहीण आपल्या घरात शिरल्यावर बायको दारातच थांबली.

"मला फार वाईट वाटलं हो. तुमचं दुसरीकडे काही असेल, यापेक्षा आपल्यातच काही उरलं नाही याचं वाटलं."

मास्तर रडायच्या बेताला आले. असल्या वेळी काय बोलायचं हे त्यांना आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. त्यांनी फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते न्हाव्याकडे गेले आणि लग्नाच्याही आधीपासूनची झुबकेदार मिशी उतरवून आले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोनेही विचारलं नाही.

खपली पडली. दुकान उघडलं. त्या रविवारी मास्तर दुपारची अंघोळ करून, अत्तर लावून, आतल्या खोलीत आले. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"अगं," ते घसा खाकरून म्हणाले, "ती बंदी... उठली म्हणायची आता."

बायको वळली. तिचा वरचा ओठ टम्म सुजला होता आणि त्यावर ताजे फोड होते.

"अरे देवा! कशानं उठले?"

"काळजीनं."

"आता कसली काळजी?"

"एवढ्या वर्षांची मिशी अचानक कुणासाठी काढलीत तुम्ही, त्याची!"