सात सह्या, तीन माणसं

इंद्रजित साहेब नागपूरहून आले तेव्हा सभागृहात तीन माणसं आणि सव्वीस खुर्च्या होत्या. अभियंता मंडळाच्या यवतमाळ शाखेतला भूजल विभाग बंद करून स्थापत्य विभागात मिसळायचा, असा ठराव करून घ्यायला मध्यवर्ती कार्यालयानं त्यांना पाठवलं होतं.

विभागाचे सभासद नऊ. त्यांत चार पदाधिकारी आणि तीन उपसमित्या. त्यामुळे नुसता सभासद असा कुणी उरलाच नव्हता. सचिव होत्या विमलताई. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, पण जिल्ह्यातल्या बावीस विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजायचं विभागाचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. टेपला खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, खडू कुठवर भिजला ते पाहून आकडा वहीत लिहायचा. १९८९पासूनचे आकडे त्या वहीत होते. सुरुवातीला ढाणकी गावात बाई विहिरीत वाकून बघते म्हणून गर्दी जमायची. जीव द्यायला आली समजून एका म्हातारीनं त्यांचा पदर घट्ट धरून ठेवला होता, आणि आकडा लिहून होईस्तोवर सोडला नव्हता. विभाग गेला की हे मोजणंच बंद पडणार होतं.

"मी आहे तोवर हा विभाग कशात मिसळत नाही," असं त्यांनी अध्यक्ष विठ्ठलरावांना आधीच बजावलं होतं. विठ्ठलरावांचे गुडघे दुखायचे. त्यांना ठराव मनापासून मंजूर होता. फक्त विमलताईंच्या देखत हात वर करायची हिंमत गोळा व्हायची होती.

विमलताईंचा बेत सरळ होता. सभेच्या कोरमला सहा सभासद लागतात. गेल्या दहा वर्षांत तिघांच्या वर कुणी आलं नव्हतं. आजही येणार नाही, सभा होणार नाही, ठराव जागच्या जागी बारगळेल. बेतात एकच चूक होती. सहसचिव उकंडारावांना तो सांगायचा राहून गेला.

विभागाची एक जुनी पद्धत होती. सभा संपली की उकंडाराव हजेरीवही घेऊन आपल्या जुन्या लुनावर घरोघर जायचे, चहा घ्यायचे आणि सह्या आणायचे. नागपूरला पोचणाऱ्या कागदांत त्यामुळे प्रत्येक सभा भरगच्च असायची. या वेळी प्रत्यक्ष साहेब येणार म्हणून उकंडारावांनी जास्तच तत्परता दाखवली. त्यांनी सकाळीच फेरी मारली.

ठरलेली वेळ टळून अर्धा तास झाला तशा विमलताई समाधानानं उठल्या. कोरम नाही, सभा तहकूब, असं त्यांनी जाहीर केलं.

"आहे ना बाई कोरम," उकंडारावांनी वही पुढे केली. "आपण तिघं धरून सात सह्या. देवसिंगभाऊ पुण्याले पोराकडं गेलते, तर त्यायच्या बायकोनं, सोनीबाईनं केली त्यायची."

विमलताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उकंडारावांनी वही परत ओढायचा प्रयत्न केला. पण ती इंद्रजित साहेबांच्या हाती लागली होती. त्यांना रात्रीच्या आत नागपूर गाठायचं होतं. त्यांनी सह्या मोजल्या, माणसं मोजायचं टाळलं आणि कागदावर कोरम पूर्ण असल्याचं सांगून ठराव मांडला.

विठ्ठलरावांनी छताकडे बघत हात वर केला. आता साहेबाला तरी नाराज करू नये, असं वाटून उकंडारावांचाही अर्धा हात वर गेला.

"दोन विरुद्ध एक. मंजूर," साहेब म्हणाले.

विमलताईंनी पिशवीतून मंडळाची नियमावली काढली. तिला खाकी कव्हर घातलेलं होतं.

"विभाग मिसळायले हजर सभासदायची दोन तृतीयांश मतं लागतात, साहेब. हजर किती?"

"तीन."

"मंग कोरम नाही."

साहेबांनी घाईनं दुरुस्ती केली. "सात."

"मंग पाच हात दाखवा मले."

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "मॅडम, ही माणसं इथं नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे ना. तुम्ही तसं लिहून द्या. म्हणजे दहा वर्षायचे अहवाल खोटे निघतात. पहिली शिक्षा मले करा, सचिव मी हाओ. दुसरी तुमच्या नागपूरच्या अध्यक्षायले. त्यायनं आमच्या हजेरीचं कौतुक केलं, ते पत्र तुमच्या डोक्यामागं टांगलं आहे."

साहेबांनी मागे वळून फ्रेममधलं पत्र वाचलं. मग पुन्हा एकदा, खालच्या सहीपर्यंत वाचलं. ठराव नामंजूर झाल्याची नोंद त्यांनी उभ्यानंच केली. जाताना मात्र, पुढच्या सभेला आपण न कळवता येणार आहोत, एवढं सांगून गेले.

ती बातमी उकंडारावांच्या लुनावरून घरोघर पोचली. विमलताईंनी पुढची सभा मारेगावच्या विहिरीवर ठेवली आणि धास्तीनं नऊच्या नऊ सभासद हजर झाले. देवसिंगभाऊ पुण्याहून आले. साहेब आलेच नाहीत. पण टेप विहिरीत उतरला आणि साहेबांची आठवण कुणालाच राहिली नाही. खडू किती लावायचा यावरून दोघं भांडले. विठ्ठलराव गुडघे विसरून काठावर पालथे झाले, आणि त्यांचे पाय उकंडारावांनी धरून ठेवले. आकडा तीनदा मोजला, कारण प्रत्येकाला स्वतः वाचायचा होता.

संध्याकाळी विमलताईंच्या घरी उकंडारावांनी हजेरीवही उघडली. पान कोरं होतं. सही करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बाई, कागदावर तर आज कोणीच आलं नाही," ते कळवळून म्हणाले आणि लुनाची किल्ली काढली. "मी फिरून येतो ना घरोघर."

"बसा खाली," विमलताई म्हणाल्या. "या सभेच्या सह्या मांगायले कायले जाता? ही तर झाली."

त्यांनी वही ओढून घेतली आणि नऊ सह्यांच्या जागेवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ठळक अक्षरांत लिहिलं: मारेगाव, सहा मीटर चाळीस.